‘तू नुसते ओठ हलव’

सातवीत होतो. पंधरा ऑगस्टच्या समूहगीताची तालीम चालली होती. सर पेटी वाजवता वाजवता थांबले, उठले आणि रांगेतून चालत एकेकाच्या तोंडाशी कान नेऊ लागले. माझ्यापाशी आल्यावर म्हणाले, "तू उंच आहेस, मागच्या रांगेत शोभतोस. फक्त आवाज काढू नकोस. नुसते ओठ हलव."

सर दुष्ट नव्हते. उलट त्यांनी मला रांगेतून काढलं नाही, याबद्दल आईने त्यांचे आभारच मानले असते. मी ओठ हलवले. दहावीपर्यंत प्रत्येक पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, गॅदरिंगला हलवले. आज तिशी उलटली. गच्चीवर मित्र जमले आणि कुणी "आता तू म्हण" म्हटलं की मी चहा टाकायला उठतो.

हा किस्सा मित्रांच्या ग्रुपवर टाकला, तर रात्रभर उत्तरं येत राहिली. कुणाला "तू टाळ्यांचं बघ" सांगितलं होतं, कुणाला पडदा ओढायला उभं केलं होतं. एका मैत्रिणीला "तुझा आवाज मुलासारखा आहे" म्हणून मुलींच्या गटातून उठवलं होतं. शाळा वेगळ्या, गावं वेगळी, पण वाक्य जवळपास तेच.

म्हणून हा एका सरांचा दोष नाही. आपल्या शाळा संगीत शिकवत नाहीत, संगीतासाठी मुलं निवडतात. घरून सूर घेऊन आलेली चार-पाच मुलं पुढे, बाकीचे मागे. जे आधीच येतं ते स्टेजवर दाखवायचं आणि जे येत नाही ते लपवायचं, याला शिकवणं म्हणत नाहीत. गणिताचे सर एखाद्याला "तू नुसता पेन हलव, उत्तर लिहू नकोस" म्हणाले असते, तर पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभे राहिले असते. गाण्याच्या बाबतीत मात्र ते आपण सहज मान्य केलं. गळा देवाने दिलेला असतो, असं आपण धरून चालतो. अक्षर आणि पाढे शिकवता येतात, मग सूर का नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आता सातवीकडे पुन्हा बघू. बारा ते चौदा हे वय मुलग्यांचा आवाज फुटण्याचं. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मधले काही महिने गळा कुठे जाईल याचा त्या मुलालाही पत्ता नसतो. नेमक्या त्या महिन्यांत आपण त्याची परीक्षा घेतो आणि निकाल जन्मभरासाठी लावतो.

दुसरी गोष्ट पट्टीची. पेटीवर सर स्वतःच्या सोयीची पट्टी धरतात. पुरुषाचा आवाज लहान मुलापेक्षा सप्तकभर खाली. मूल त्याच्याशी जुळवायला जातं, तिथे पोचत नाही, मधेच कुठेतरी अडकतं. पट्टी मुलांच्या सोयीची धरली, सूर आधी दुसऱ्या एखाद्या मुलाने लावून दाखवला, की यातली बरीच ‘बेसूर’ मुलं जागेवर येतात. म्हणजे चूक अनेकदा पट्टीची असते आणि शिक्का गळ्यावर बसतो.

कागदावर मात्र सगळं छान आहे. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने कलाशिक्षण दहावीपर्यंत सक्तीचा विषय करा म्हटलं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशा भिंती नकोत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभराहून जास्त असेल तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्या, असं लिहिलंय. ‘अंशकालीन’ या शब्दातच विषयाची किंमत कळते. त्यात कला म्हणजे बहुतेकदा चित्रकला. संगीताच्या वाट्याला येतो परिपाठ, गॅदरिंगच्या आधीचे पंधरा दिवस आणि गणिताचा पोर्शन मागे राहिला नसेल तर एखादा ऑफ तास.

मूल्यमापनही होतं बरं का. कलेच्या रकान्यात वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. त्या नोंदींच्या तयार पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात. ‘गीत तालासुरात म्हणतो’ हे वाक्य ज्याने वर्षभरात तोंड उघडलेलं नाही त्याच्याही नावापुढे सापडेल. कुणी सांगावं, माझ्याही नावापुढे असेल.

मग अलीकडे आले ‘उपक्रम’. ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावायचं, मुलांना रंगीत फेटे बांधायचे, हातात पुठ्ठ्याच्या वीणा द्यायच्या, फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. गॅदरिंगमध्ये तर मुलांचा आवाज लागतच नाही, सगळं ट्रॅकवर. पूर्वी मागची रांग ओठ हलवायची, आता अख्खं स्टेज हलवतं. आपण याला सर्जनशील म्हणतो, कारण त्यात फेटे आहेत. मी मात्र अशा प्रत्येक उपक्रमाला दोन प्रश्न विचारतो. यात मुलाने कान देऊन काय ऐकलं? आणि आवाजाबद्दलचा कोणता निर्णय त्याने स्वतः घेतला? दोन्हींचं उत्तर ‘काही नाही’ असेल, तर तो सजावटीचा कार्यक्रम झाला.

असं म्हणतो कारण खरा उपक्रम मी पाहिलाय. माझी एक मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. संगीताची एकही परीक्षा दिलेली नाही, पेटी येत नाही. वर्गात एक मोबाईल, त्यावर तानपुऱ्याचं ॲप. गेल्या वर्षी मी तिच्या वर्गात दोन दिवस मागच्या बाकावर बसलो.

पहिल्या तासाला तिने मुलांना तीन मिनिटं डोळे मिटून बसवलं आणि नंतर ऐकलेला प्रत्येक आवाज वहीत मांडायला सांगितला. जवळचा मोठा काढायचा, लांबचा लहान. पंप, कोंबडा, शेजारच्या वर्गातले पाढे, पत्र्यावर उतरलेलं माकड, स्वतःचा श्वास. कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांनी साठच्या दशकात शाळांमधून असे ऐकण्याचे व्यायाम घ्यायला सुरुवात केली. त्याला ते कानांची सफाई म्हणायचे. मैत्रिणीने पुढे मुलांना विचारलं, "यातले चार आवाज निवडा आणि आपल्या तोंडाने, बाकाने, वहीने अर्ध्या मिनिटाची सकाळ वाजवून दाखवा." कोणता आवाज आधी, कुठे थांबायचं, यावर मुलं अक्षरशः भांडली. संगीतरचना म्हणजे तरी दुसरं काय असतं?

दुसरा खेळ टाळ्यांचा. अर्धा वर्ग तीन-तीन मोजणार, अर्धा चार-चार, प्रत्येकाची टाळी एकवर. दोन्ही टाळ्या एकत्र कधी पडतील? पहिल्या दोन वेळा गोंधळ. तिसऱ्यांदा बारा मात्रांनंतर दोन्ही टाळ्या एकदम पडल्या आणि वर्ग ओरडला. त्यानंतर तिने सांगितलं की अशा परत भेटण्याच्या जागेला आपल्या संगीतात सम म्हणतात. आधी सम लागली, शब्द मागून आला. आपण उलटं करतो. ‘आवर्तनाच्या पहिल्या मात्रेस सम म्हणतात’ हे पाठ करून घेतो, आणि सम आयुष्यात कधी लागत नाही.

तिसरा, फेरीवाल्यांचा. मुलांनी कुल्फीवाल्याची, भंगारवाल्याची हाक नक्कल करून आणायची. तानपुरा लावून ती हाक किती सुरांत आहे ते शोधायचं. बहुतेक हाका दोन-तीन सुरांत बसल्या. मग त्याच सुरांत ‘खिचडी झाली’ अशी नवी हाक बांधायची. वर्षभर गप्प बसणाऱ्या एका मुलाने बांधलेली हाक वर्गाने मतदानाने निवडली. आता रोज दुपारी तोच ती देतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही की तो गातोय.

यावर जाणकार काय म्हणतात तेही माहीत आहे. "हे खेळ झाले. संगीत म्हणजे साधना, रियाज, शुद्ध सूर." रियाजाला माझा नमस्कार. पण शाळेत निबंध लिहून घेतो तो प्रत्येक मूल कादंबरीकार व्हावं म्हणून नाही. आणि परंपरेचंच बोलायचं तर विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कशासाठी? घराण्यांच्या आत राहिलेली विद्या साध्या घरातल्या मुलामुलींपर्यंत यावी म्हणूनच ना? त्यांनी स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली, वर्ग भरवले. त्यांनी उघडलेल्या दाराशी उभं राहून आज आपण विचारतो, ‘गळा आहे का?’

हंगेरीचे झोल्तान कोदाय १९०५ पासून गावोगाव हिंडून लोकगीतं गोळा करत होते. तेवढे मोठे संगीतकार, पण त्यांचा आग्रह होता की मुलाचं पहिलं वाद्य त्याचा स्वतःचा गळा आणि पहिली गाणी त्याच्या मातृभाषेतली. त्यांच्या जन्मगावी, केच्केमेटला, १९५० मध्ये या विचाराची प्राथमिक शाळा सुरू झाली. तिथेही खेळ होते, टाळ्या होत्या, पण त्यांना क्रम होता. हा आक्षेप मला मान्य आहे. आज टाळ्या, उद्या बाटल्या, परवा काहीच नाही, असे सुटे खेळ वर्षभर घेतले तर तो टाइमपासच. दोन सुरांवरून तीनवर, तीनवरून पाचवर, ऐकण्यावरून बांधण्यावर अशी पायरी हवी. ती बांधायला प्रशिक्षित माणूस लागतो. म्हणून माझ्या मैत्रिणीचं कौतुक करून सरकारला मोकळं सोडू नका. ती स्वतःच्या हौसेवर जे करते ते प्रत्येक शाळेचं काम आहे आणि त्यासाठी पूर्णवेळ पगाराचा संगीतशिक्षक हवा.

दुसरीकडे संगीताचे वकील आहेत, आणि मला त्यांचा जास्त राग येतो. "संगीताने गणित सुधारतं, बुद्धी वाढते." १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला एक छोटा प्रयोग यांचा मोठा आधार. मोझार्ट ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांची आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात लहान मुलं नव्हती आणि बुद्धी कायमची वाढल्याचा दावाही नव्हता. पण बाजारात बाळांसाठी मोझार्टच्या सीडी आल्या. आपल्याकडे याचीच आवृत्ती म्हणजे दहावीचे वाढीव गुण. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा द्या, टक्के वाढवा. परीक्षा संपली की पेटी माळ्यावर. गणितासाठी आणि टक्क्यांसाठी संगीत हवं असेल, तर जास्त टक्के देणारं दुसरं काही मिळताच आपण ते सोडणार. वर्गातल्या त्या बारा मात्रांत लसावि दडलेला आहे, हे खरं. पण मुलं ओरडली ती लसाविसाठी नाही.

"मुलांना गाण्यांचं वेडच राहिलं नाही, सगळी रील्सवर" असं म्हणणाऱ्यांनी जरा घरात बघावं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज मोबाईलवर ऐकता येतात. ज्यांनी त्या रचल्या त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. एक ओवी म्हणायची, दुसरी तिला पुढची ओवी जोडायची. त्या दळण दळत होत्या आणि जे बोलायची सोय नव्हती ते गात होत्या. जात्यापाशी कुणी कुणाची निवड चाचणी घेतली नाही. गळा बसलेली, चिरका आवाज असलेली, कालच सासरी आलेली, सगळ्यांना खुंटा धरायला मिळायचा. जात्यावर बसली की गायचीच. शाळेच्या दारात न गेलेल्या बायका हे करत होत्या, आणि आपण मुलांना दहा वर्षं शाळेत बसवून पाठवतो ते ‘मला गाता येत नाही’ एवढंच शिकवून.

नुकसान कलेचं होतंच, पण मला माणसाचं जास्त वाटतं. ज्याला बाराव्या वर्षी सांगितलं जातं की तुझ्या आवाजाने समूह बिघडतो, तो पुढे फक्त गाणं सोडत नाही. तो वर्गात प्रश्न विचारताना, मीटिंगमध्ये बोलताना आधी आजूबाजूला बघतो. पोराला झोपवताना यूट्यूबवर अंगाई लावतो. मी लावतो.

तुमच्यातले काही आता शिक्षक झाले असतील, काही मामा, काकू, आत्या. पुढच्या गॅदरिंगला बोलावणं येईल तेव्हा जा, टाळ्याही वाजवा. मग बाईंना किंवा सरांना बाजूला घेऊन नीट, आदराने विचारा: यातलं मुलांनी स्वतः काय ठरवलं? मागच्या रांगेतला तो उंच मुलगा गात होता का?

मैत्रिणीच्या वर्गातून निघताना तिच्या मुलांनी मला अडवलं. आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एक हाक द्यायची, असा त्यांचा नियम. मी म्हटलं, मला येत नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग आम्ही पट्टी खाली घेतो, काका." आणि तिने मोबाईलवरचा तानपुरा दोन पट्ट्या खाली उतरवला.

वीस वर्षांत एवढं कुणी केलं नव्हतं. मी हाक दिली. ‘खिचडी झाली.’ वाकडी होती, पण मुलांनी परत म्हटली, जशी मी दिली तशीच.