बेन्नूची माती आणि राखीव वाटा

सुमारे अर्धा किलोमीटर व्यासाच्या बेन्नू नामक लघुग्रहावरून ‘ओसायरिस-रेक्स’ या अमेरिकी यानाने उचललेली माती २४ सप्टेंबर २०२३ रोजी युटाच्या वाळवंटात सुखरूप उतरली, परंतु ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत तिच्यापुढे जे विघ्न उभे राहिले ते खगोलशास्त्राचे नव्हते, लोहारकामाचे होते. पात्राच्या झाकणाच्या ३५ स्क्रूंपैकी दोन काही केल्या फिरेनात, आणि पृथ्वीची हवा आत शिरू द्यावयाची नसल्यामुळे नायट्रोजन भरलेल्या पेटीत बाहेरून हात घालूनच सारी खटपट करणे प्राप्त होते. खास हत्यारे घडवून जानेवारी २०२४ मध्ये झाकण निघाले तेव्हा एकूण ऐवज भरला १२१.६ ग्रॅम.

एवढ्याशा मातीसाठी एवढा सोस कशाला, असे पुसणाऱ्यांना उत्तर एका वर्षाने मिळाले. जीवसृष्टी ज्या २० अमायनो आम्लांवर उभी आहे त्यांपैकी १४, आनुवंशिकतेची लिपी घडविणारे पाचही घटक, आणि त्यांच्या जोडीला खारे पाणी आटून मागे उरणारे क्षार या मातीत आढळले. त्यांतील ट्रोना आपल्या लोणारच्या खाराचा सगोत्र होय. ज्या खारावर पूर्वीच्या राजवटी महसूल वसूल करीत, त्याचा भाऊबंद सूर्यमालेच्या बाल्यावस्थेत कोण्या नष्ट झालेल्या पिंडाच्या उदरात साकळत होता! मात्र ‘अंतराळात जीव सापडला’ अशी जी आवई उठली ती निराधार आहे. पृथ्वीवरील सजीव बहुतांशी डाव्या घडणीचीच अमायनो आम्ले वापरतात. बेन्नूवर डावी-उजवी जवळजवळ समसमान निघाली. साहित्य आहे, स्वयंपाक झाल्याचा दाखला नाही.

आमच्या मते या मोहिमेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय निराळाच आहे. असले क्षार दमट हवेत पाहता पाहता विरून जातात, म्हणून आकाशातून आपसूक पडणाऱ्या अशनींत त्यांचा मागमूस क्वचितच उरतो; अशा या दुर्मिळ मातीचा सुमारे ७० टक्के हिस्सा नासाने पुढील काळातील शास्त्रज्ञांसाठी राखून ठेवला आहे. अपोलो १७ च्या चांद्रवीरांनी १९७२ मध्ये आणलेली एक मोहोरबंद नळी २०२२ मध्ये, म्हणजे ती भरणाऱ्यांच्या काळी नसलेली उपकरणे हाताशी आल्यावर उघडली गेली, हा पायंडा सर्वांसमोर आहेच.

चंद्रावरची माती आणण्यासाठी ‘चांद्रयान-४’ला आपल्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि नमुन्यांच्या जतनाची व पृथक्करणाची व्यवस्था उभारण्याचा मनोदयही तेव्हाच जाहीर केला. उड्डाणाच्या दिवशी छायाचित्रे निघतात, कोरड्या पेटीपाशी बसून नोंदवही लिहिणाऱ्याचे निघत नाही. साहजिकच अंदाजपत्रकात पहिली कात्री त्याच्याच खात्याला लागण्याचा धोका असतो. सरकारने या व्यवस्थेला मोहिमेच्या जमाखर्चाची शेपटी न मानता तिच्यासाठी स्वतंत्र व कायम तरतूद करावी, नमुन्यांचा किती हिस्सा राखीव राहील ते आताच ठरवून प्रसिद्ध करावे, आणि उरलेल्यावर काम करण्याची मुभा विद्यापीठांतील संशोधकांनाही द्यावी.