केटामिनच्या चाचण्यांचा खर्च सरकारने उचलावा

केटामिन कुणाला पार्टीतले घातक व्यसन वाटते, तर कुणाला नैराश्यावरचा रामबाण उपाय. पुरावा यातल्या कोणत्याच टोकाला जात नाही. 1970 साली अमेरिकेत भुलीचे औषध म्हणून मान्यता मिळालेले केटामिन 2006 मध्ये तिथल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने इतर औषधांना दाद न देणाऱ्या 18 रुग्णांवर तपासले. नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. इथे बहुतेकांना एका दिवसात आराम पडला, पण आठवडाभर तो थोड्यांनाच टिकला. त्यामुळे मात्रा किती, किती वेळा आणि किती काळ द्यायची, हे मोठ्या चाचण्यांतूनच ठरायला हवे. घोडे अडते ते इथेच. पेटंट केव्हाच संपलेल्या स्वस्त औषधात कंपन्या पैसा कशाला घालतील? एका कंपनीने त्याच्याच भावंडाचा, एस्केटामिनचा, नाकात मारायचा फवारा काढला आणि 2019 मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळवली. साध्या केटामिनची चाचणी ऑस्ट्रेलियात सरकारी निधीतून झाली. किलोमागे 0.5 मिलिग्रॅम या ठरावीक मात्रेने फरक दिसला नाही. मात्र गरजेप्रमाणे 0.9 पर्यंत वाढवलेल्या गटात 19.6 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, तर तुलनेसाठी मिडाझोलाम हे गुंगीचे औषध दिलेल्या गटात फक्त 2 टक्के. नफ्याच्या हिशेबावर सोडले असते, तर मात्रेचा हा धडा मिळाला नसता.

हा सारा मनाचा खेळ आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो बिनबुडाचा नाही: स्टॅनफर्डमध्ये शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या नैराश्याच्या 40 रुग्णांत केटामिन आणि सलाइन यांचा परिणाम सारखाच दिसला. पण ही शंका फिटणार तीही काटेकोर चाचण्यांनीच. दुसरा आक्षेप व्यसनाचा. दीर्घकाळच्या गैरवापराने मूत्राशय निकामी होऊ शकते, आणि 2023 मध्ये अभिनेता मॅथ्यू पेरी यांचा मृत्यू मुख्यतः केटामिनमुळे झाला. गैरवापराच्या धोक्यामुळे आपल्याकडे ते विक्रीवर कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या यादीत, म्हणजे शेड्यूल एक्समध्ये आहे आणि तिथेच राहावे. मात्र विक्रीवर निर्बंध असताना रुग्णालयात, रक्तदाबावर लक्ष ठेवून अभ्यास करता येतो.

2022 मध्ये देशात 1 लाख 70 हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांत महाराष्ट्र पहिला होता. केटामिनची कुपी सरकारी रुग्णालयांतल्या भूलतज्ज्ञांच्या रोजच्या वापरातली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना सोबत घेऊन तिची बहुकेंद्री चाचणी हाती घ्यावी, आणि निष्कर्ष काहीही निघोत, ते जाहीर करावेत.

– एक वाचक, पुणे