समोरची भिंत

पाहुणा आला की आपण इंदूरकर त्याला राजवाडा दाखवितो, लालबाग दाखवितो, वेळ असेल तर कृष्णपुऱ्याच्या छत्र्याही दाखवितो. ज्या गल्लीतून त्याला नेतो, त्या गल्लीकडे मात्र त्याचेही लक्ष जात नाही आणि आपलेही नाही.

थॉमस जोन्स नावाचा वेल्सचा एक चित्रकार अठराव्या शतकात इटलीस गेला. प्राचीन अवशेष आणि रम्य निसर्ग यांच्या चित्रांना त्या काळी मागणी होती. नेपल्स येथे राहत असता १७८२ च्या सुमारास त्याने कागदावर तैलरंगात एक घराची भिंत रंगविली. चित्राची उंची साडेअकरा सेंटीमीटरही नाही, रुंदी सोळा. त्यात आहे तरी काय? पोपडे उडालेला गिलावा, एक लहानशी गॅलरी, तीवर वाळत घातलेले कपडे, खाली पाण्याच्या ओघळाचा डाग आणि वर निळ्या आकाशाची पट्टी. माणूस एकही नाही. अशा चित्राला गिऱ्हाईक कोठून मिळणार! जोन्सची ही छोटी चित्रे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ अज्ञातच राहिली. आज ती भिंत लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

डोळे किलकिले करून समोरच्या घराकडे पाहावे, असे जुने चित्रकला-शिक्षक सांगत. तसे पाहिले म्हणजे बारीकसारीक तपशील विरतात आणि उजेड व सावली यांचे मोठे आकार उरतात. मग ‘जुनाट भिंत’ हे नाव गळून पडते. पिवळट करड्या रंगाशेजारी निळा रंग किती खुलतो, एवढेच दिसू लागते. ही नजर आपल्या गावाला परकी नाही. देवळालीकरांच्या हाताखाली येथेच ना. श्री. बेंद्रे घडले, आणि उघड्यावर बसून दृश्ये रंगविण्याचा परिपाठ येथील विद्यार्थ्यांना होता. पुढे ठाण्यास क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत सुधीर पटवर्धनांनी चाळी, कारखाने, रेल्वेचे पूल व दाटीवाटीच्या वस्त्या वर्षानुवर्षे रंगविल्या. २००१ मधील त्यांचे ‘लोअर परळ’ सवडीने पाहण्याजोगे आहे.

आमच्या शाळेत ‘माझे घर’ हा विषय दिला की दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी आणि उतरत्या छपराची झोपडी कागदावर येते. मुले राहतात तिमजली घरांत! जिन्याखाली सायकली, खिडकीत कूलर, गच्चीवर काळी टाकी. आपले घर चित्रात घालण्याच्या योग्यतेचे नाही, हे इतक्या लहान वयात त्यांना कोणी शिकविले? मला ही गोष्ट शुद्धलेखनाच्या चुकांहून अधिक गंभीर वाटते.

म्हणून आमच्या चित्रकला-शिक्षकांनी एकदा सातवीच्या वर्गाला शाळेसमोरच्या घरांपुढे सावलीत बसविले. एका मुलीचे घर त्याच रांगेत होते. कूलरखाली भिंतीवर उतरलेला गंजाचा ओघळ तिने असा काही तांबूस रंगविला की मी बराच वेळ पाहत राहिलो. पुढे रस्ता रुंद झाला. त्यात त्या घराची गॅलरी गेली, ओटलाही गेला.

काही दिवसांनी तिचे आजोबा चित्र पाहावयास शाळेत आले. चष्मा पुसून त्यांनी ओटल्याच्या पायऱ्या बोटाने मोजल्या आणि म्हणाले, “गुरुजी, चार होत्या. पोरीने तीनच काढल्यात.”