फिकट राखाडी 'नको'

जाहिरातवाले थापा मारतात यात नवीन काही नाही. माझा राग आहे तो त्यांची पाटी रंगवून देणाऱ्यांवर, म्हणजे आजच्या भाषेत डिझायनरांवर.

विमानाचं तिकीट काढताना विमा नको असेल, तर 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या वाक्यावर बोट टेकवायला लावतात. 'हो'चं बटण हिरवंगार, 'नको' मात्र पांढऱ्यावर फिकट राखाडी. सामानाच्या यादीत परस्पर देणगी घातलेली (दानधर्मसुद्धा न विचारता!). याला डार्क पॅटर्न म्हणतात. हे नाव २०१० साली हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनेच दिलं, म्हणजे घरच्याच माणसाने. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांना मनाई केली. वरचे तिन्ही त्यात आहेत. तक्रारीसाठी हेल्पलाइन १९१५, लिहून ठेवा.

"ग्राहकानेच डोळे उघडे ठेवावेत," असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. वाण्याने काटा मारला तर आपण गिऱ्हाइकाला बोल लावतो का?

अक्षर सुवाच्य काढा म्हणून मी मुलांच्या मागे जन्मभर लागले. पण मुलांचं वाईट अक्षर आळसाने यायचं. इथे आळस नाही, तयार हात आहे! कुठल्या रंगावर नजर ठरत नाही, बोट आपसूक कुठे जातं, हे पैसे भरून शिकलेला माणूस तीच विद्या 'नको' लपवायला वापरतो. आणि सापडतं कोण? मोतीबिंदू झालेली, मुलं परदेशी असलेली, फोनवरच औषधं मागवणारी म्हातारी माणसं.

मन वळवण्याला माझी हरकत नाही. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकातली मुलगी १९६६ पासून लोणी विकते आहे. पण विकते आहे हे ती लपवत नाही, आणि फलकाकडे बघून हसून पुढे गेलं तर वाट अडवत नाही.

आमच्या नात्यातही एक डिझायनर आहे, गुणी मुलगी. ती म्हणते, "मावशी, कंपनी चार नमुने लावून बघते, ज्याने विक्री वाढते तो ठेवते. मी नाही म्हटलं तर दुसरं कोणी करेल." असेलही. पण चारातला तो राखाडी नमुना काढून दिला कोणी?

तिला म्हटलंय, पुढच्या वेळी ते 'नको'चं बटण आधी मला पाठव, मी चष्मा न लावता बघेन. अजून काही आलेलं नाही.