वादळाचे चित्र वाचावयास शिका

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाचे केंद्र अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या. पुढील वर्षी आलेल्या ‘तौक्ते’ वादळाचे केंद्र महाराष्ट्राच्या भूमीवर आलेच नाही. ते समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत १७ मे २०२१ रोजी गुजरातच्या किनाऱ्यास लागले. तरीही कोकणातील आंबा बागायतदारांची मोठी हानी झाली. वादळ म्हणजे नकाशावरील एक ठिपका नव्हे, हा बोध या अनुभवातून घ्यावयास हवा.

वादळाचा खरा आकार उपग्रहाच्या चित्रात दिसतो. इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दिवसरात्र समुद्राकडे पाहत असतात. अवरक्त किरणांच्या साह्याने ते ढगांच्या माथ्याचे तापमान टिपतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच. चित्रातील रंग मागाहून दिलेले असतात. त्यामुळे लाल भाग म्हणजे उष्णता, असे समजू नये. खालच्या कक्षेतून फिरणाऱ्या काही उपग्रहांवरील सूक्ष्मतरंग उपकरणे वरच्या ढगांच्या आवरणाखालील पावसाचे पट्टेही दाखवितात.

पूर्ण वाढलेल्या वादळाच्या मध्यभागी शांत ‘डोळा’ असतो. त्याच्या सभोवती उंच ढगांची भिंत असते आणि सर्वांत प्रचंड वारा तेथेच वाहतो. त्याबाहेर पावसाचे वळणदार पट्टे दूरवर पसरतात. डोळा गावावरून जाऊ लागला की वारा एकाएकी पडतो. वादळ सरले असे समजून लोक गुरे पाहण्यास बाहेर पडले, तर थोड्याच वेळात उलट दिशेने येणाऱ्या वाऱ्यात ते सापडतात. ही रचना ज्याने चित्रात एकदा पाहिली, तो अशी चूक करणार नाही.

हे शास्त्रज्ञांचे काम, शेतकऱ्यास त्याचे काय प्रयोजन, असा आक्षेप घेतला जाईल. वादळाचा अंदाज वर्तविणे हे तज्ज्ञांचेच काम होय. ढग जेथवर, तेथवर विध्वंसक वारा असतोच असेही नाही. म्हणून चित्र नेहमी भारतीय हवामान विभागाच्या सूचनेसह वाचावे. परंतु ‘केंद्र आपल्या गावापासून दूर आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहणाऱ्या बागायतदाराचा तयार आंबा झाडावरच राहतो, याचा विचार व्हावयास हवा.

आभाळ वाचण्याची विद्या शेतकऱ्यास परकी नाही. तेच आभाळ वरून कसे दिसते, एवढेच त्यास दाखवावयाचे आहे. किनारपट्टीवरील ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी मे महिना उजाडण्यापूर्वीच ग्रामपंचायतीत ‘तौक्ते’चे चित्र लावून त्यातील डोळा, भिंत व पट्टे समजावून सांगावेत. वादळ दाराशी आल्यावर शिकविण्यास वेळ उरत नाही.