मण्यारीचा दंश, व्हेंटिलेटर आणि तुमचा मुलगा

सर्पदंशाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी कळवणे बंधनकारक करा, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना सांगितले. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे त्याआधी मार्चमध्ये आलेल्या राष्ट्रीय आराखड्याचे उद्दिष्ट आहे. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अंदाज आहे. त्यांत पावभराहून जास्त १५ वर्षांखालची मुले होती. नोंद हवीच, पण मूल वाचते ते पहिल्या काही तासांत.

जळगाव-धुळ्यात रात्रीच्या विजेवर कापसाला, केळीला पाणी द्यायला बापाबरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगाही जातो. पावसाळ्यात घरोघरी जमिनीवर अंथरूण असते. मण्यार रात्रीच चावते. सूज नाही, वेदना नाही, खूणही अनेकदा दिसत नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, आणि घरचे पित्त समजून ओवा देतात. पापण्या जड झाल्या, गिळता येईना, आवाज नाकातून येऊ लागला, तर साप दिसलेला नसला तरी दंश समजून निघा.

१०८ ला फोन करा. दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, उतरवून घेण्यात वेळ घालवू नका. लाळ साचत असेल तर मुलाला कुशीवर ठेवा. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, जिथे असाल तिथल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष सुरू होऊ द्या. मूल लहान म्हणून डोस कमी नसतो. विष तेवढेच असते. धुळ्याच्या हिरे महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय रुग्णालयात हलवायचे ठरले, तर एकच विचारा: “वाटेत श्वास थांबला तर काय सोय आहे?”

आता व्हेंटिलेटर. ‘मशीनवर टाकलं म्हणजे संपलं’ असे म्हणून नातेवाईक मुलाला घरी न्यायला निघतात, आणि मण्यारीच्या दंशात ही सर्वांत घातक चूक आहे. प्रतिविष रक्तातले विष निष्प्रभ करते. मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा मात्र शरीर स्वतः भरून काढते, त्याला काही दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर श्वास मशीन घेते. वेळेवर श्वास मिळाला, तर बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. न्यूमोनियासारखी गुंतागुंत होऊ शकते, म्हणून काळजी घ्यावीच लागते. (घोणसचे गणित वेगळे, तिथे रक्त न गोठणे आणि किडनी यांची लढाई असते.)

अशा मुलाच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, हातपाय हलत नाहीत. मेंदू गेला असे वाटते. पण तो शुद्धीवर असू शकतो, तुमचे बोलणे ऐकत असू शकतो. आयसीयूत भेटायला सोडले की त्याच्या कानाशी त्याच्या नावाने हाक मारा. खाटेशेजारी उभे राहून ‘आता काय उरलंय’ असे बोलू नका.