कोळ्यांवरील औषधें आणि न फवारलेली ओळ

भंडारा जिल्हा भाताचा व तलावांचा खरा. परंतु येथेंही बांधावर आंबा व विहिरीजवळ लिंबू लावणारा शेतकरी कलमें-रोपें रोपवाटिकेंतूनच आणतो, आणि त्यांबरोबर पुष्कळदां कोळीही घरीं आणतो. हीं झाडें बारमाही हिरवीं, म्हणून कोळ्यांस आसराही बारमाही. हवा कोरडी व उष्ण झाली कीं त्यांची वाढ झपाट्यानें होते. पानें बारीक पांढुरक्या ठिपक्यांनीं भरतात, धुरकट होतात व गळतात. आणि माळी पाण्याचा ताण समजून पाणी वाढवीत बसतो!

कोळी हा कीटक नव्हे; त्यास आठ पाय असतात. किडींवरील प्रत्येक औषध त्यास लागू पडतेंच असें नाहीं. मग कोणतें घ्यावें? विक्रेता एक सांगतो, शेजारी दुसरें. आमचें मत असें कीं, हा प्रश्न दुकानांत सुटावयाचा नाहीं. तो रोपवाटिकेच्या वाफ्यांतच सोडविला पाहिजे, आणि त्यासाठीं एक ओळ मुद्दाम फवारल्यावांचून ठेविली पाहिजे. येथें रोपवाटिकावाले नाराज होतात. विकावयाचीं रोपें कोळ्यांच्या तोंडीं कां द्यावीं? त्यांची तक्रार खोटी नाहीं.

परंतु हिशेब पाहावा. फवारलेल्या ओळींतील खुणेच्या पानांवर भिंगानें १०० कोळी मोजले व आठवड्यानें २० उरले, तर औषधानें शेंकडा ८० मेले असें आपण म्हणतों. पण मध्यें वळवाची सर येऊन न फवारलेल्या ओळींतही १०० चे ४० झाले असतील, तर औषधाचें श्रेय शेंकडा ५० च. १९५५ सालीं अमेरिकेंतील हेंडरसन व टिल्टन यांनीं गव्हावरील तपकिरी कोळ्यांच्या औषधांची परीक्षा करतांना हाच हिशेब सूत्रांत बसविला. तें आजही वापरांत आहे.

एकदांच मोजूनही भागत नाहीं. पुष्कळ औषधांनीं अंडीं मरत नाहींत. तिसऱ्या दिवशीं स्वच्छ दिसलेलें पान दहाव्या दिवशीं पुनः भरतें. म्हणून फवारणीपूर्वीं एकदां व नंतर तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशीं, पानाच्या दोन्ही बाजूंस मोजावें. कोळ्यांस खाणारे ढालकिडे दिसल्यास तेही लिहावे. दुसऱ्या महायुद्धानंतर फळबागांत डी. डी. टी. फवारल्यावर कोळी उलट वाढले, त्याचें एक कारण हे मित्र मेले हेंच होतें.

डायकोफॉल हें औषध वर्षानुवर्षें प्रचारांत होतें. केंद्र सरकारनें त्यावर २०२३ सालीं बंदी घातली. कोठींत उरलें असल्यास तें परीक्षेंतही घेऊं नये. पाण्यांत मिसळणारें गंधक जुनें व स्वस्त, पण कडक उन्हांत त्यानें पानें करपतात. फवारणाऱ्या मजुराच्या तोंडाला फडकें बांधलें म्हणजे झालें, असें तर मुळींच समजूं नये. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांवर शेतकरी व मजूर दगावले.

साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांस मोजणीसाठीं बोलवावें, अशी सूचना आम्ही सभेपुढें ठेवीत आहों. न फवारलेल्या ओळीची किंमत संस्थेनें भरून द्यावी; तो बोजा एकट्या रोपवाटिकावाल्यावर टाकणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. ज्यांच्याकडे लिंबाचीं निदान दोनशें रोपें असतील, त्या सभासदांनीं मार्गशीर्ष संपण्यापूर्वीं चिटणिसांस कळवावें.